उपचार संपले, पण घराण्याची चौकशी राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचे गुलाबी फलक नाशिकमध्येही दिसू लागतात. गाठ लागली तर अंगावर काढू नका, मॅमोग्राफी करून घ्या, हे सांगायलाच हवे. पण ज्यांची गाठ काढून झाली, केमो आणि रेडिएशनही उरकले आणि ज्या आता वर्षातून एकदा फॉलोअपला जातात, त्यांच्यासाठी या फलकांवर काहीच नसते. मी त्यांच्यापैकीच एक. पंचवटी एक्स्प्रेसने दादर आणि तिथून परळचे टाटा कॅन्सर रुग्णालय, ही वाट आमच्यापैकी पुष्कळ जणींच्या पायाखालची आहे. त्या सगळ्यांना एकच सांगायचे आहे: जनुकीय समुपदेशन, म्हणजे आजार घराण्यातून आला असेल का आणि तशी तपासणी करावी का याविषयीचा सल्ला, झाले नसेल तर पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांकडे तो विषय स्वतःहून काढा. उपचार होऊन दहा-पंधरा वर्षे झाली असली तरी.

समुपदेशन म्हणजे थेट रक्त काढणे नव्हे. माझ्या समुपदेशक बाईंनी आधी कोरा कागद घेतला. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, अशा तीन पिढ्या मांडल्या, आईकडच्या आणि वडिलांकडच्याही. कॅन्सर झालेल्यांचे गोल काळे करत गेल्या. आईकडे काही नव्हते, म्हणून मी निर्धास्त होते. मग त्यांनी विचारले, “आत्या किती? कोण कशाने गेल्या?” निफाडची धाकटी आत्या चाळिशीतच “पोटात पाणी होऊन” गेली, एवढेच आमच्या घरात बोलले जायचे. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, “अंडाशयाचा कॅन्सर होता का, चौकशी करता येईल?” कागदपत्रे कुठून मिळणार? पण चुलतभावाला आठवत होते, दवाखान्यात नेऊन पोटातले पाणी काढत असत ते.

त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या नामावळीत घराण्याचे कितीतरी पिढ्यांचे पुरुष सापडतात. सासरी गेलेली लेक कशाने गेली, हे मात्र कुठल्याच वहीत नसते. ते म्हाताऱ्या माणसांनाच विचारावे लागते, आणि ती आहेत तोवरच.

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके बायका-पुरुष सगळ्यांच्या शरीरात असतात. पेशीतला बिघडलेला डीएनए दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यातले एखादे जन्मतःच सदोष असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. स्तनाचा कर्करोग झालेल्या शंभर जणींपैकी साधारण पाच ते दहा जणींच्या बाबतीत कारण असे आनुवंशिक असते. म्हणजे बहुतेकींचे रिपोर्ट निर्दोषच येतील. पण आपण कोणत्या गटात, हे घरबसल्या कळत नाही. पन्नाशीच्या आत निदान झाले असेल, आजार ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (गाठीच्या दोन हार्मोनच्या आणि एचईआर-२ या प्रथिनाच्या अशा तिन्ही चाचण्या निगेटिव्ह) असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, घरात कुणाला अंडाशयाचा किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर चालढकल नको. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली ही मर्यादा आणखी सैल केली. वयाच्या ६५ वर्षांपर्यंत निदान झालेल्या सर्वांना, अगदी पूर्वी आजार होऊन आता बऱ्या असलेल्यांनाही, निकालाचा त्यांना किंवा नातेवाइकांना उपयोग होणार असेल तर ही तपासणी देऊ करावी, असे त्यांचे म्हणणे आहे. पूर्वी तपासणी झालेल्यांनीही पुन्हा विचारावे, कारण तेव्हा एक-दोन जनुके पाहत, आता एकाच नमुन्यात पुष्कळ पाहतात.

माझ्यात दोष निघाला. डॉक्टरांशी बोलून मी अंडाशये काढून घेतली. त्यानंतर बहिणीने तपासणी केली, तिच्यात नाही. भाऊ म्हणाला, “बायकांच्या आजाराची तपासणी मी कशाला करू?” त्याला समजावण्यात बराच काळ गेला. त्याच्यात निघाला! अशा पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, शिवाय मुलीचा प्रश्न उरतोच. कॅन्सर झालेल्या व्यक्तीची तपासणी आधी झाली की नेमका दोष कळतो आणि नातेवाइकांमध्ये तेवढाच शोधावा लागतो, ते पुष्कळ स्वस्त पडते. म्हणून सुरुवात आपल्यापासून व्हायला हवी.

लोक घाबरतात ते मुलींच्या लग्नांना. “कळलं तर स्थळं येणार नाहीत.” ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. भाचीची बोलणी चालू आहेत, म्हणून हे पत्रही नावाशिवाय छापावे ही विनंती. पण ज्या मुलीला धोका माहीत आहे तिला पंचविशीपासून एमआरआयने लक्ष ठेवता येते. जिला माहीत नाही तिच्या हातात काहीच नसते. शिवाय तपासणी करायची की नाही, हे समुपदेशनानंतर आपणच ठरवायचे. कधी कधी रिपोर्टमध्ये ज्याचा अर्थ अजून लागलेला नाही असा बदलही निघतो. त्यावरून कुणी घाईने ऑपरेशन करायचे नसते. हे सांगायलाच समुपदेशक लागतो, नुसती लॅब पुरत नाही.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. त्याने आणि शासनाने मिळून इथल्या एखाद्या सरकारी ओपीडीत महिन्यातून दोन दिवस का होईना, असा समुपदेशक बसवावा. सुरगाणा-कळवणच्या बाईला त्यासाठी मुंबई गाठायला लागू नये. तोवर व्हिडिओ कॉलवरही समुपदेशन होते. बोलायला बसताना बायोप्सीचा मूळ रिपोर्ट जवळ ठेवा, आणि त्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याला फोन करा.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक