चार्जशीट लिहायला कोण शिकवणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तेव्हापासून माझ्या व्हॉट्सॲपवर प्रशिक्षणाच्या निमंत्रणांचा पाऊस सुरू आहे. मी निवृत्त माणूस, पण जुन्या ग्रुपमधून कोणी नंबर काढलेला नाही. कार्यक्रम सगळीकडे तोच. मुंबईचे नाहीतर पुण्याचे वक्ते, हॉटेलचा हॉल, इंग्रजी स्लाइड, दुपारी जेवण, जाताना प्रमाणपत्र आणि फोटो. अशा दोन ठिकाणी मी जाऊन बसलो. २९ कायदे गोळा होऊन चार संहिता कशा झाल्या, हे दोन्हीकडे ऐकले. दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन टेबलावरच्या कोणत्या कागदाला हात घालायचा, हे कुठेच कळले नाही.

नाशिकच्या सातपूरला मी ३१ वर्षे पर्सनलमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कर्मचारी विभागात काढली. सुरुवातीला एचआर हा शब्द आमच्याकडे पोचलाही नव्हता. कामगार आम्हाला सरळ ‘टाइम ऑफिसवाले’ म्हणत. तेव्हाची माझीच एक चूक सांगतो. तिसऱ्या पाळीत एक ऑपरेटर मशीनजवळ झोपलेला सापडला. मी चार्जशीट, म्हणजे कामगाराला द्यायचे लेखी आरोपपत्र लिहिले, ‘आपण कामात वारंवार हलगर्जीपणा करता.’ कोणत्या रात्री, किती वाजता, कोणी पाहिले, काही नाही. तक्रार ज्या मॅनेजरची, त्यांनाच चौकशी अधिकारी केले. कामकाज इंग्रजीत टाइप झाले आणि सातवी शिकलेल्या त्या माणसाने प्रत्येक पानाखाली मराठीत सही केली. त्याला काढले. कामगार न्यायालयाने चौकशीच न्याय्य नाही असे ठरवले आणि गैरवर्तन कोर्टात नव्याने सिद्ध करायला सांगितले. तोवर त्याला झोपलेला पाहणारा सुपरवायझर नोकरी सोडून गुजरातेत गेला होता. सहा वर्षांनी तो माणूस मागचा अर्धा पगार घेऊन कामावर परत आला. मधल्या काळात तो भाजीची गाडी लावायचा. त्या रस्त्याने जायचे मी टाळत असे.

चार्जशीट लिहायला मला शिकवले ते आमच्या युनियनच्या जनरल सेक्रेटरीने. पुढच्या एका प्रकरणात माझा कागद वाचून तो म्हणाला, “साहेब, तारीख-वेळ टाका, साक्षीदार लिहा. नाहीतर हे मीच कोर्टात फाडीन.” म्हणून माझे स्पष्ट मत आहे की एचआरच्या कायद्याच्या वर्गात युनियनची माणसे बसली पाहिजेत, शिकायला आणि शिकवायलाही. मालकांना हे रुचणार नाही, ठाऊक आहे.

आता आजचे. माझी पुतणी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात एचआर आहे. हजेरी, पगार, पीएफ, कॅन्टीन, वाढदिवसाचे केक, सगळे तिच्याकडे. परवा रात्री तिचा फोन, “काका, एकाने राजीनामा दिलाय. दोन दिवसांत फुल अँड फायनल, शेवटचा हिशेब करायचा म्हणतात, आणि अकाउंटवाले म्हणतात महिनाअखेरीला बघू. कोणाचं ऐकू?” वेतन संहितेप्रमाणे बडतर्फी असो, कामगारकपात असो की राजीनामा, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्यात दोन दिवसांची ही अट मालकाने काढलेल्यांपुरती होती. राजीनामा त्यात नव्हता. एवढासा फरक, पण कंपनीतली सगळी पद्धत त्यापायी बदलावी लागते. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे. मूळ वेतन कमी दाखवून भत्ते फुगवायची जुनी युक्तीही चालणार नाही, कारण भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरला जाईल. पुतणीला हे तुकड्यातुकड्याने कळले, फॉरवर्डमधून. त्यातले दोन फॉरवर्ड चुकीचे होते.

आणखी एक गंमत पाहा. औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांची सक्ती ३०० कामगारांपासून आहे, महाराष्ट्रात ती आजवर ५० पासून होती. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथले कितीतरी कारखाने ३०० च्या खालचे. ‘सुटलो’ असे म्हणणारे मालक मी पाहिले. सुटले कसे? आरोप लेखी सांगणे, बाजू मांडू देणे, त्रयस्थाकडून चौकशी हे नैसर्गिक न्यायाचे भाग आहेत. आकडा बदलला म्हणून ते जात नाहीत. उलट छापील आदेशांचा आधार गेल्यावर एचआरच्या माणसाला ते जास्तच पक्के ठाऊक हवेत. त्याच संहितेत २० कामगार असले की तक्रार निवारण समिती नेमायला सांगितली आहे. ३०० चा आकडा सगळ्यांना पाठ, २० चा कोणाच्या तोंडी नाही.

लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ चा, म्हणजे अगदी नवा नव्हे. दहा कर्मचारी असले की अंतर्गत समिती हवी, त्यात बाहेरची एक सदस्य व्यक्ती हवी, चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. एका कारखान्यात समितीची यादी सूचना फलकावर छान लॅमिनेट करून लावलेली दिसली. अध्यक्ष म्हणून जिचे नाव होते, ती बाई दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेली होती.

नाशिकमध्ये कामगार न्यायालय आहे, औद्योगिक न्यायालय आहे, निमा आणि आयमासारख्या उद्योजकांच्या संघटना आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला मराठीतून शिकवणारे मुक्त विद्यापीठ आहे. या सगळ्यांनी मिळून संध्याकाळचा, तीन-चार महिन्यांचा मराठी वर्ग काढावा. त्यात सरावाची लुटुपुटूची चौकशी भरवावी, विद्यार्थ्यांकडून कारणे दाखवा नोटीस लिहून घ्यावी, निवृत्त न्यायाधीशांनी ती लाल शाईने तपासावी, एक दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसवावे. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे श्रम विज्ञान संस्थेनेही यात पडावे. लोखंड्यांच्या खटपटीने गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा वर्ग तेवढा रविवारी ठेवू नये. आणि फी अशी असावी की पुतणीसारखीला मालकाकडे हात न पसरता भरता येईल. हॉटेलातल्या दिवसाचे पैसे मालक देतो आणि पाठवतो मात्र मॅनेजरला.

माझ्या हातच्या चुकलेल्या चार्जशीटचे कच्चे मसुदे अजून एका खोक्यात आहेत. नावे खोडून ठेवली आहेत. वर्ग निघाला तर खोके घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
एक निवृत्त पर्सनल ऑफिसर
सातपूर, नाशिक