पंगतीत वाढायला पोरं चालतात, मग मीटिंगमधे काहून नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तरुण पोरापोरींना देवधर्म राहिला नाही, नुसते मोबाईलमधे असतात, असं आमच्याकडे पारावर रोजच ऐकू येते. मी 25 वर्षांची आहे, मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि मला हे अजिबात पटत नाही. सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी येऊन बघा ना, पंगतीत वाढणारे कोण, पाण्याचे ड्रम भरणारे कोण, उष्ट्या पत्रावळ्या उचलणारे कोण, सगळे कॉलेजातले नाहीतर नुकतेच कामाला लागलेले पोट्टे, आणि सकाळपासून कणीक भिजवत बसलेल्या आम्ही पोरी.

तुकडोजी महाराज 1968 मधे गेले, आमच्या पिढीतल्या कोणीच त्यांना पाहिलं नाही, तरी खंजिरी घेऊन भजन म्हणणारे विशीतले पोरं आमच्या भागात आहेत आणि पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते तेव्हा त्या गर्दीत तेही उभे असतात. काहीजण शेगावला सेवेला जातात, तिथे एक रुपया मिळत नाही, आपली पाळी आली की रजा टाकून जातात. आणि माझ्या ओळखीतला एक जण तर देव मानतच नाही, देवळात येत नाही, पण तीन महिने झाले की स्वतःहून रक्त देऊन येतो, कारण सिकलसेलच्या लेकरांना घेऊन आईबाप कसे हिंडतात हे त्याने डोळ्याने पाहिलं आहे. मला तर त्याच्यात आणि शेगावच्या सेवेकऱ्यात काही फरक वाटत नाही, कोणी देवाचं नाव घेऊन करते कोणी न घेता करते.

माझं म्हणणं वेगळंच आहे. या पोरांकडून गावाला फक्त राबणं आणि वर्गणी पाहिजे. पुण्याला कंपनीत असलेले फोनपे करतात, मनापासून करतात, पण त्या पैशाचं काय करायचं हे त्यांना कोणी विचारत नाही. आमच्याकडे सप्ताहाचे पैसे उरले तेव्हा पोरांनी म्हटलं सभामंडपाच्या बाजूच्या खोलीत टेबल, लाईट लावून अभ्यासिका करू, पोलीस भरती अन तलाठीची तयारी करणारे घरी एकाच खोलीत सगळ्यांच्या मधात बसून वाचतात. कमिटीने ऐकून घेतलं आणि प्रवेशद्वाराला कमान बांधली, देणगीदारांची नावं लिहून. कमिटीत तिशीच्या आतलं एकही माणूस नाही, आणि बाई तर नाहीच नाही.

गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. कीर्तनाला लोटलेल्या लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी देऊळ नाही बांधलं, धर्मशाळा बांधल्या. दादरच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात, इकडच्या माणसाला मुंबईत टाटा हॉस्पिटलला जायची पाळी आली की त्या जागेची किंमत काय असते ते कळते. मग बाबांचा फोटो लावून सप्ताह करणाऱ्या गावात अभ्यासिका मागितली तर ते धर्माच्या बाहेरचं कसं झालं हे मला कोणी सांगावं.

मोठ्या माणसांचा मान आहेच, सप्ताह त्यांनीच इतकी वर्षं चालवला, कर्ज काढून सुद्धा चालवला. पण प्रत्येक कमिटीत दोन-तीन तरुण घ्या, त्यात पोरी पण घ्या, हिशोबाची वही त्यांच्या हातात द्या आणि उरलेल्या पैशाचं काय करायचं ते गावासमोर ठरवा. नाहीतर हे पोरं वाढायला येणं पण बंद करतील, दोघंतिघं यंदा आलेच नाही.

तुमच्या पेपरात कोणत्या देवस्थानाने किती मोठं मंदिर बांधलं ते येते, तसं कोणत्या गावच्या सप्ताहातून लायब्ररी झाली, दवाखान्याला मदत झाली ते पण छापा. आमच्या कमिटीची मीटिंग दिवाळीच्या आधी आहे आणि पेपर तर सगळेच वाचतात.

आपली,
एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती