भ्रूणपेशींच्या संशोधनाकडे सरकारने पाठ फिरवू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मानवी भ्रूणापासून मिळवलेल्या आणि शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींवरील, म्हणजेच एम्ब्रियॉनिक स्टेम सेलवरील, संशोधनाला सरकारी पैसा मिळावा की नाही, याविषयीची पत्रे मी आपल्या दैनिकात लक्षपूर्वक वाचत आहे. करदात्यांचा पैसा अशा कामाला देणे म्हणजे भ्रूणहत्येत सहभागी होणे, असे एका पत्रलेखकाने लिहिले आहे. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. सातव्या महिन्यात लेकीसुनेची ओटी भरणाऱ्या समाजात गर्भाविषयी असा जिव्हाळा असणारच. मात्र सरकारने हात आखडता घेतला की भ्रूण वाचतील, हे त्यांचे गृहीतक मला मान्य नाही.

हे भ्रूण येतात कोठून, ते आधी पाहावे. टेस्ट ट्यूब बेबीची केंद्रे आता जळगाव, धुळ्यातही आहेत. उपचारात अनेकदा गरजेपेक्षा अधिक भ्रूण तयार होतात आणि उरलेले द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवले जातात. अशा उपचारांविषयीच्या २०२१ च्या कायद्यानुसार ते जास्तीत जास्त १० वर्षे ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. मूळ पेशी घेतात तेव्हा भ्रूण पाच-सहा दिवसांचा, शे-दोनशे पेशींचा असतो, त्यात मज्जासंस्थेचा मागमूसही नसतो. भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

अमेरिकेने हा वाद आपल्या आधी अनुभवला आहे. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन यांनी या पेशी प्रथम वेगळ्या केल्या, त्याही खासगी पैशातून, कारण भ्रूण नष्ट होणाऱ्या संशोधनाला तेथे संघराज्याचा निधी वर्ज्य होता. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी तोवर तयार झालेल्या पेशींपुरताच निधी मंजूर केला. त्या यादीत मुंबई व बेंगळुरूच्या प्रयोगशाळांमधील पेशीही होत्या. संशोधन काही थांबले नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००४ मध्ये ३ अब्ज डॉलर उभारण्यास कौल दिला, खासगी कंपन्या पुढे आल्या आणि अखेर २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी तो निर्बंध उठवला. मधल्या काळात निधीबरोबर येणारी नियमांची देखरेख मात्र संघराज्याच्या निधीबाहेर चाललेल्या या कामाला लागू नव्हती.

जपानच्या शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशींनाच भ्रूणपेशींसारखे बनवून दाखवले, मग भ्रूण हवेत कशाला, हा प्रश्न रास्त आहे. परंतु भ्रूणपेशींत कोणती जनुके कार्यरत असतात हे आधी कळले, म्हणूनच ती वाट त्यांना सापडली. शिवाय भ्रूणपेशींपासून बनवलेल्या चेतापेशी पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) १२ रुग्णांना देऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून, ते उपचार सुरक्षित असल्याचे दर्शवतात. चाचणी लहान आहे, पण ही वाट अर्ध्यावर सोडून देण्याजोगी नाही.

आता आपल्या भागाविषयी. शहादा तालुक्यातील एका ओळखीच्या कुटुंबाने, मुलाच्या स्नायूंच्या असाध्य आजारासाठी, पपईची बागायत जमीन विकून मोठ्या शहरातील एका दवाखान्यात ‘स्टेम सेल’ची इंजेक्शने घेतली. पावतीवर पेशी कोठून आणल्या, कोणत्या प्रकारच्या, याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. होती फक्त रक्कम. मुलाला आजही ताटातला घास तोंडापर्यंत नेता येत नाही. वास्तविक रक्ताच्या काही आजारांसाठीचे पेशीरोपण वगळता असे उपाय केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच, तेही रुग्णाकडून पैसे न घेता, करावेत, असे याच परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. सातपुड्यातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांनाही या नावाने भुलवणे सोपे आहे. त्यांच्यासाठी सिद्ध झालेला उपाय जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेचा आहे, त्याचा भ्रूणाशी काही संबंध नाही.

सरकारी प्रयोगशाळेत काम झाले, तर पेशींची नोंद राहते, नैतिक समिती प्रश्न विचारते, अपयशही जाहीर करण्याचा आग्रह धरता येतो. म्हणून निधी द्यावा, पण अटींसह द्यावा: केवळ उरलेले भ्रूण वापरावेत, त्यांची खरेदी-विक्री नसावी आणि संमतिपत्र मराठीत असावे, गरज पडल्यास अहिराणीत किंवा पावरीत समजावून सांगावे. या संशोधनावर किती खर्च होतो आणि बेकायदा इंजेक्शने देणाऱ्या किती दवाखान्यांवर कारवाई झाली, हे दोन्ही प्रश्न खानदेशच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात एकत्रच विचारावेत, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
शहादा, जि. नंदुरबार