बाबांच्या टिपणीबद्दल

नाशिक,
रविवार रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. 'पोचलो' एवढंच होतं. पुढे नेहमीसारखं 'जेवलीस का' नव्हतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. फोनवर मला धड बोलता येत नाही. मध्येच घसा दाटतो आणि तू 'बरं आई, ठेवतो' म्हणतोस.

त्या रात्री मी बोलले ते चुकलंच. तू ताटावरून उठलास, पुरणपोळी तशीच राहिली. परदेशी निघालेल्या मुलाला मी उपाशी पाठवलं, हे काही केल्या मनातून जात नाही. पण बोलले ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते. उपदेश करणार नाही, ताईला तसं कबूल केलंय.

तू म्हणालास की चीनमध्ये इंजिनियर राज्य चालवतात म्हणून तिथे कामं होतात, आपल्याकडेही बाबांसारख्या माणसांच्या हातात कारभार असता तर देश कुठच्या कुठे गेला असता. आणि मी ताडकन म्हणाले, "बाबांसारखी माणसं वेळ आली की गप्प बसतात." तुझा चेहरा उतरला तो मी पाहिला. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

चीनच्या इंजिनियर राज्यकर्त्यांवरचा, टेबलावर ठेवून गेलेला तुझा कागदांचा गठ्ठा मी पूर्ण वाचलाय. दोनदा. तू मला सांगायला बघत होतास आणि मी पोळ्या लाटत होते, म्हणून आता वाचला. खरं सांगते, वाचताना ऊर भरून आला. ज्या देशाने माओच्या सांस्कृतिक क्रांतीत शिकल्यासवरल्यांना शेतावर राबायला धाडलं, त्याच देशाने १९७७ साली प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू केली. मग माओनंतरचे मोठे नेते तंग शियाओफिंग यांनी ठरवलं की कार्यकर्ता नुसता क्रांतिकारक असून भागणार नाही, तो तरुण हवा, शिकलेला हवा, आपल्या कामातला जाणकार हवा. लढाईतले म्हातारे हळूहळू घरी बसले आणि त्यांच्या जागी कारखान्यातले, धरणावरचे, खाणीतले लोक आले. २००२ च्या स्थायी समितीत, म्हणजे पक्षाच्या सगळ्यात वरच्या मंडळात, नऊच्या नऊ जण इंजिनियर! राष्ट्राध्यक्ष झालेले हू जिंताओ तर आपल्याच वाटेचे, पाण्याचे. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात शिकून १९६८ मध्ये गान्सू प्रांतात, पिवळ्या नदीवरच्या धरणाच्या कामावर गेले. पंतप्रधान झालेले वेन जियाबाओही त्याच गान्सूत दगडमाती तपासत वर्षानुवर्षं फिरले. हे वाचून मला बाबांचे साइटवरचे बूट आठवले. दारात काढले की पायरीवर लाल मातीचा ढीग पडायचा आणि मी ओरडायचे.

आणि त्याच त्सिंगहुआत आता तू. सुमनआत्या येईल त्याला सांगत सुटलीये. मीही सांगते, तिच्याएवढ्या मोठ्याने नाही इतकंच.

पण त्या गठ्ठ्यात एक नाव तू कुठेच लिहिलेलं नाहीस. ह्वांग वानली. ताईने मला त्यांच्यावर इंग्रजीत आलेलं काढून दिलं, डिक्शनरी घेऊन चार दिवस बसले. तुझ्याच विद्यापीठातले पाण्याचे प्राध्यापक, अमेरिकेत डॉक्टरेट केलेले. १९५७ साली सानमेनशिया धरणाचा आराखडा तज्ज्ञांच्या बैठकीत आला. आराखडा रशियन मदतीने केलेला, वरून पसंत झालेला. हा माणूस म्हणाला, पिवळ्या नदीत गाळ इतका आहे की इथे बांध घालू नका, वरच्या अंगाला वेइ नदीच्या काठी पुराचं संकट येईल. कोणी ऐकेना तेव्हा म्हणाले, निदान पायथ्याची भोकं बुजवू नका, पुढे गाळ सोडायला लागतील. भोकं बुजवली. १९६० मध्ये पाणी अडवलं आणि दीड वर्षात दीडशे कोटी टनांच्या आसपास गाळ साठला. पुढे तीच भोकं फोडून उघडावी लागली, तोवर लाखो माणसं घरदार सोडून गेली होती.

ह्वांगना काय मिळालं? 'उजवा', म्हणजे पक्षाच्या विरोधातला, म्हणून शिक्का. वर्गावर जाणं बंद, अंगमेहनतीची कामं. शिक्का पुसायला १९८० उजाडलं. हू जिंताओ ज्या विभागात शिकत होते, त्याच विभागातला हा माणूस, ओंकार. शिकणारा वर चढत गेला आणि ज्याचं गणित बरोबर होतं तो बाजूला. त्या काळात त्या इमारतीत ते दोघं जिन्यावर समोरासमोर आले असतील का, असं सारखं मनात येतं.

आता तू म्हणशील, तो माओचा काळ होता, इंजिनियर तेव्हा सत्तेत कुठे होते. बरं. मग १९९२ घे. पंतप्रधान ली पेंग, मॉस्कोत जलविद्युत शिकलेले. यांगत्से नदीवरच्या तीन घळींच्या धरणाचा ठराव त्यांच्या संसदेत आला, जिथे एरवी सगळे हात एकदम वर जातात. १७६७ बाजूने, १७७ विरोधात आणि ६६४ तटस्थ. जवळजवळ एक तृतीयांश लोकांचं मन मानलं नाही. म्हातारे ह्वांग पुन्हा पत्रं लिहीत होते, हे धरण नको म्हणून. धरण झालं. तेरा लाखांच्या आसपास माणसं उठली. मी असं म्हणत नाही की ते धरण वाईटच. पूर आणि वीज मलाही कळते. मी एवढंच विचारते की ज्या खोलीत सगळेच इंजिनियर बसतात, तिथे 'हे चुकतंय' म्हणणाऱ्याला खुर्ची कोण देतं?

आणि सोंग जियान. क्षेपणास्त्रांचं गणित करणारा माणूस. त्याने तेच गणित माणसांना लावलं, संगणकावर शंभर वर्षांची लोकसंख्या काढली, आणि एक मूल धोरणाला त्या आकड्यांचा आधार मिळाला. १९८० पासून २०१५ अखेरपर्यंत! क्षेपणास्त्राला आई नसते रे. तू दुसरा आहेस. तिथल्या एखाद्या शहरात ताईच्या पाठीवर तुला जन्म देता आला नसता मला. हे वाचलं त्या रात्री मी उठून तुझ्या खोलीत जाऊन बसले.

उपदेश करणार नाही म्हटलं आणि पानभर तोच केला. माफ कर. तू तिकडे आत्ता थंडीत बाहेर पडत असशील आणि आई इकडून आकडे फेकून मारतेय. कानटोपी घालतोस ना? ती चॉकलेटी, आजीने विणलेली. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.

मूळ गोष्ट राहिलीच. ती सांगायची म्हणूनच एवढं चऱ्हाट वळतेय.

मी अनुरेखक, म्हणजे नकाशे शाईने गिरवणारी, होते हे तुला माहीत आहे, पण मी काय करायचे ते तू कधी विचारलं नाहीस. ट्रेसिंग क्लॉथ ताणून बसवायचं, त्यावर काळी शाई, चुकलं तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचं. अमोनिया प्रिंटचा वास घरी येईपर्यंत केसात राहायचा. बुडीत रेषा मी काढायचे. पूर्ण संचय पातळीची, म्हणजे धरण पूर्ण भरलं की पाणी जिथवर येईल तिथली, गावागावातून वळत जाणारी. देवळाची खूण, विहिरीची खूण, आणि त्यांच्यामधून ती रेघ. एकदा एक म्हातारबाबा ऑफिसात आले, धोतराच्या सोग्याने हात पुसून नकाशावर बोट ठेवलं. त्यांची विहीर रेघेच्या आत, अगदी शाईच्या जाडीएवढी आत. म्हणाले, "बाई, ही रेघ वाईच खाली घ्या की." मी म्हटलं, बाबा, रेघ माझी नाही, वरून येते. ते थोडा वेळ बोट तिथेच ठेवून उभे राहिले. शाई ओली होती. त्यांच्या बोटाचा ठसा उमटला, तो मी नंतर ब्लेडने काढला.

तुझ्या बाबांचं असं झालं. एका लघु तलावाच्या अंदाजपत्रकात गाळाचा दर फार कमी धरला होता, तलावाचं आयुष्य कागदावर लांबवायला. वरच्या अंगाचे डोंगर उघडेबोडके, बाबांनी स्वतः पावसाळ्यात ओढ्याचं पाणी बाटलीत भरून, निवळवून, गाळ तोलला होता. आपल्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत ओळीने बाटल्या होत्या. त्यांनी फाइलवर टिपणी लिहिली, पावणेदोन पानं. आठ दिवसांत निरोप आला, टिपणी मागे घ्या, नाहीतर बदली लांब जाईल. बाबा मागे घेणार नव्हते. ते ठाम होते, ओंकार. हे तुला माहीत असायला हवं.

मी घ्यायला लावली. मला सहावा महिना होता, तू पोटात होतास, ताई तापाने फणफणली होती, आणि मी म्हटलं, "तुम्ही शहाणे असाल, पण आम्हाला घेऊन रानात जाऊ नका." रडलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्यांनी टिपणी काढून घेतली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बाटल्या त्यांनीच धुऊन ठेवल्या. तो तलाव आता फेब्रुवारी संपायच्या आत आटतो, लोक त्यात गाळपेर करतात. बाबा शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले होते, त्या बाजूला गाडी घे. तुला तेव्हा कळलं नाही कुठे जायचंय ते. मी पाठीमागे बसून गप्प होते.

म्हणून त्या रात्री 'बाबांसारखी माणसं गप्प बसतात' म्हणाले ते मी स्वतःला म्हणत होते, आणि वार तुझ्यावर झाला.

तू उद्या मोठा होशील. तुझ्या डोक्यावर माझा विश्वास आहे. आज चीनमध्ये पुन्हा तुझ्यासारखे लोक वर येतायत, तूच दाखवलंस, अंतराळ यानांवर काम केलेले मा शिंगरुई, युआन जियाजुन मोठमोठ्या प्रांतांचे प्रमुख झाले. तूही कुठल्या खोलीत बसशील, तिथे की इथे, देव जाणे. मला भीती वाटते की तिथे तू ह्वांग वानली होशील आणि तुला मोडतील. आणि तितकीच भीती वाटते की तू होणार नाहीस. रात्री एकीने झोप उडते, पहाटे दुसरीने. कोणती खरी म्हणू? आईने मुलाला काय सांगावं अशा वेळी, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आत्ताही कळत नाहीये.

पुन्हा तेच लिहिलं. असो.

निळ्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, त्या टिपणीची कार्बन कॉपी आहे. मूळ कागद बाबांनी परत घेतला, पण ही त्यांनी फाडली नाही आणि मीही नाही. गाळाचे आकडे त्यांच्याच अक्षरात, प्रत्येक बाटलीची तारीख घातलेली. तुला हवी असेल तर ताईकडून नीट फोटो काढवून पाठवते. नको असेल तरी कळव. आणि एकदा लिही, जेवलास का ते.

तुझी,
आई