संथ चित्रपट पाहताना घाई नडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपीय कलात्मक चित्रपटांवर लिहिताना ‘संयमाची परीक्षा पाहणारा’ असा शेरा मारून अर्धा स्टार कापायची परीक्षणांची रीतच पडली आहे. शॉट, म्हणजे मध्ये न तोडता केलेले सलग चित्रण, एवढा वेळ लांब का ठेवला, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

शांताल आकेरमान यांचा ‘झान दिलमान’ (१९७५) घ्या. लांबी २०१ मिनिटे, कॅमेरा जागचा हलत नाही, क्लोज-अप नाहीत. ब्रसेल्समधली एक विधवा बटाटे शिजवते, भांडी विसळते, खोलीतून बाहेर पडताना दरवेळी दिवा बंद करते. ही कामे पूर्ण लांबीने दिसतात, कारण तिची शिस्त आपल्याही अंगवळणी पडायला हवी. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, पैसे ठेवायच्या भांड्यावर झाकण ठेवायचे राहून जाते आणि तेवढ्यानेच पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पहिला तास पळवत पाहिला तर त्या उघड्या भांड्याकडे लक्षच जात नाही. मग ‘यात काही घडतच नाही’ ही तक्रार ठरलेली. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या समीक्षकांच्या मतदानात हाच चित्रपट पहिला आला होता.

लांब शॉट म्हणजे दिग्दर्शकाचा आळस, असेही काहींना वाटते. ३५ मिमी फिल्मचे हजार फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने सुमारे अकरा मिनिटांत संपते. तारकोव्हस्की यांच्या ‘नोस्टाल्जिया’त (१९८३) रिकाम्या हौदातून पेटती मेणबत्ती पलीकडे न्यायचा शॉट जवळपास नऊ मिनिटांचा आहे. ज्योत दोनदा विझते, दोन्ही वेळा नट मागे येऊन पहिल्या कडेपासून निघतो. अशा शॉटमध्ये आठव्या मिनिटाला काही बिघडले, तर दुसऱ्या टेकमधला (त्याच शॉटच्या दुसऱ्या प्रयत्नातला) तुकडा आणून जोडता येत नाही. सगळा टेक वाया आणि त्याबरोबर जवळपास अख्खे रीळही. बेला टार यांच्या ‘वेर्कमाइस्टर हार्मनीज’मध्ये (२०००) १४५ मिनिटांत अवघे ३९ शॉट आहेत. फोकस, प्रकाश, ट्रॉली आणि नटांची पावले यांचा मेळ चित्रीकरणाच्या वेळीच बसावा लागतो, संकलनाच्या टेबलावर डागडुजीला फारसा वाव नसतो.

अर्थात संथ ते सगळे सोने नव्हे. महोत्सवांत नुसतीच रेंगाळणारी नक्कलही भरपूर असते. शॉट अर्ध्यावर तोडला असता तर काय गमावले असते, एवढे विचारून पाहावे. मेणबत्तीच्या शॉटमध्ये सगळेच जाईल.

घरी पाहताना कंटाळ्याला बरेचदा टीव्हीच जबाबदार असतो. टीव्हीतली ‘मोशन स्मूदिंग’ ही सेटिंग (कंपनीगणिक नाव बदलते) आधी बंद करा. ते दोन चौकटींमध्ये बनावट चौकटी घालते आणि कॅमेऱ्याची सावकाश हालचाल मालिकेच्या चित्रीकरणासारखी गुळगुळीत दिसू लागते. वीजबचतीसाठी आपोआप कमी-जास्त होणारा उजेडही बंद ठेवा, नाहीतर अंधारातले बारकावे काळ्यात बुडतात. चित्र ताणून किंवा झूम करून पडदा भरू नये. बाजूच्या काळ्या पट्ट्या असू द्याव्यात. संवाद ठळक करणारी ध्वनीची सोय नको. टार यांच्या ‘द ट्युरिन हॉर्स’मध्ये (२०११) वाराच जवळजवळ एक पात्र आहे आणि ती सोय नेमका तोच दाबते. दीडपट वेगाने पाहण्याबद्दल न बोललेलेच बरे.

सुरुवात ‘शातानतांगो’ने (१९९४) करू नये, सात तासांहून मोठा चित्रपट आधी पाहून पुढचे सगळेच सोडून देणारे पुष्कळ असतात. रॉबेर ब्रेसाँ यांचा तुरुंगातून सुटकेवरचा ‘अ मॅन एस्केप्ड’ (१९५६) आधी पाहावा. शेवट नावातच सांगितलेला आहे, त्यामुळे चमचा घासून त्याची पटाशी कशी होते आणि दाराच्या फळ्या कशा सुटतात, इकडेच डोळे लागतात. मग अँतोनिओनी यांचा ‘लेक्लिस’ (१९६२), त्यानंतर आकेरमान. लांब चित्रपट तुकड्यांत पाहायचाच असेल, तर दिग्दर्शकाने जिथे मध्यंतर दिले आहे तिथेच थांबावे.

आणखी एक. जुन्या युरोपीय डीव्हीडींवर २४ चौकटींचा चित्रपट अनेकदा २५ च्या वेगाने चालतो, म्हणजे १४६ मिनिटांचा चित्रपट १४० मिनिटांत संपतो. परीक्षणात स्टारांशेजारी कोणती आवृत्ती पाहिली आणि ती किती मिनिटांची होती, हेही छापावे ही विनंती.

आपले,
फिल्म सोसायटी चळवळीतले काही कार्यकर्ते