उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी आई-बाबांना पत्र

6 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

येथील नगरपरिषदेच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातून अपक्ष म्हणून उभे राहण्याचे मी ठरवले आहे. सोमवारपासून अर्ज स्वीकारले जाणार आहेत. ही बातमी दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर जाऊ नये, म्हणून फोनवर घाईने सांगण्याऐवजी सविस्तर लिहीत आहे.

बाबा, निवडणुकीच्या कामावर मतदान केंद्राध्यक्ष म्हणून तुम्ही किती काटेकोर असायचात हे आम्ही पाहिले आहे, आणि आपल्या मुलीने मते मागत दारोदार फिरावे हे तुम्हाला रुचणार नाही याची मला जाणीव आहे. तरीही माझे कारण ऐकून घ्या. आरक्षणाच्या वादात वर्षानुवर्षे अडकलेल्या या निवडणुका सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात आदेश दिल्यामुळे आता होत आहेत. मतदान 2 डिसेंबरला आहे. मधल्या काळात प्रशासक होते. त्यांनी काम केले नाही असे मी म्हणणार नाही. परंतु सभेचे अधिकारही त्यांच्याकडेच असल्याने खर्चाचा प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा हात एकच राहिला. आमच्या गल्लीतील पाण्याची वाहिनी गटाराला खेटून गेली आहे आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते. आम्ही बायकांनी दिलेल्या निवेदनांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. नगरसेवकाला मात्र सभेत प्रश्न विचारता येतो, अंदाजपत्रकावर मत देता येते आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेता येतो. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावरील खर्चाला पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी एकट्याने विरोध केला, हे तुम्हीच आम्हाला सांगितले होते. एकट्या सदस्याचे मतही वाया जात नाही, असे मी तेव्हापासून मानत आले आहे.

आई, प्रचारात माझ्याविषयी वाईटसाईट बोलले जाईल ही तुझी भीती खोटी नाही. त्याची तयारी मी मनाशी केली आहे. मला खरी चिंता आहे ती वेगळ्या गोष्टीची. राज्यात 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, पण निवडून आलेल्या बाईऐवजी तिचे यजमानच कार्यालयात बसतात, ठेकेदारांशी बोलतात आणि तिच्यापुढे फक्त सहीचा कागद येतो, असे अनेक गावांत घडते. आमच्या घरी यावर स्पष्ट बोलणे झाले आहे. तुझे जावई प्रचाराला सोबत येतील, परंतु निवडून आले तर नगरपरिषदेचे काम मी स्वतः करीन, आणि न समजणाऱ्या कागदावर सही करणार नाही.

पैशांविषयी बाबांना विनंती आहे की, मुदतठेव मोडू नका. खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडले आहे आणि निकालानंतर 30 दिवसांत आयोगाला हिशेब द्यायचा आहे. मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रात जाहीर होणारच आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टी भरलेली आहे. जेवणावळी घालायच्या नाहीत आणि पाकिटे वाटायची नाहीत, हे सोबतच्या मंडळींना मी आधीच सांगितले आहे.

निवडून येणे अवघड आहे, हेही तुमच्यापासून लपवत नाही. प्रभागात दोन जागा आणि थेट नगराध्यक्ष, म्हणून प्रत्येक मतदाराने तीन मते द्यायची आहेत. पक्षांची पॅनेल तिन्ही मते एकत्र मागतात. माझ्यासारख्या अपक्षाला त्यातले एकच मत वेगळे काढून द्या, असे घरोघरी समजावून सांगावे लागते. वयस्कर मतदारांना यंत्रावर माझे चिन्ह सापडावे म्हणून फार कष्ट घ्यावे लागतील. त्यासाठी शेजारच्या बायका आतापासूनच संध्याकाळी वेळ काढण्यास तयार झाल्या आहेत, आणि त्यांच्या भरवशावर मी पुढे पाऊल टाकत आहे.

एक गोष्ट मात्र कृपया करू नका. येथील आपल्या नातेवाइकांना आणि समाजातील मंडळींना "आपली मुलगी आहे" म्हणून मत देण्यास सांगू नका. पाण्याचा आणि गटाराचा प्रश्न घेऊन मी सगळ्यांच्या दारी जाणार आहे; आपल्या माणसांकडेही तोच घेऊन जाईन.

अर्ज भरण्याची शेवटची तारीख 17 आहे. त्याआधी तुमचा होकार मिळाला तर मला बळ येईल. नकार असेल तर कारणासह कळवा. मी त्यावर विचार करीन, पण अर्ज भरणार हे नक्की. बाबांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी, आणि आईने गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जाणे निवडणुकीपर्यंत लांबवू नये.

आपली लेक