विल्सन आणि त्यांचे विरोधक

महोदय,

अर्थसंकल्पाच्या दिवसांत ब्रिटिशकालीन भारताचे अर्थसदस्य (सरकारच्या परिषदेत अर्थखाते सांभाळणारे) जेम्स विल्सन यांचा उल्लेख 'भारतातील आयकराचे जनक' असा हमखास होतो, आणि त्यांचे अर्थसंकल्पाचे भाषण ७ एप्रिल १८६० रोजी झाल्याचेही अनेकदा छापून येते. कलकत्त्याच्या विधान परिषदेतील ते भाषण १८ फेब्रुवारीचे. १८५७ च्या उठावाने रिकामी केलेली तिजोरी भरण्यासाठी त्यांनी वार्षिक २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर दोन टक्के आणि त्यापुढे चार टक्के कर सुचवला. एवढेच नव्हे, तर राजाने कर घेणे या देशाला नवे नाही हे पटवण्यासाठी मनूचा दाखलाही दिला. मूळच्या हॅट बनवणाऱ्या व्यापारी विल्सन यांनी मनुस्मृतीचा आधार घ्यावा, ही गंमत खरी; पण तारखेपेक्षा मला खटकते ते दुसरेच.

विल्सन यांच्या कारकिर्दीचे मोल चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना वगळून करता येत नाही. लंडनच्या ट्रेझरीत, म्हणजे ब्रिटिश अर्थखात्यात, दोघे काही वर्षे एकाच वेळी अधिकारपदावर होते. १८६० मध्ये मद्रासचे गव्हर्नर असलेल्या ट्रेव्हेलियन यांनी, नवे कर लादण्याआधी लष्कराचा खर्च कमी करा, असा आग्रह धरला आणि आपले विरोधी टिपण थेट वृत्तपत्रांकडे दिले. मुद्दा विचार करण्याजोगा होता, पण गव्हर्नरानेच वरिष्ठ सरकारविरुद्ध जाहीर बोलणे लंडनला मानवले नाही व त्यांना परत बोलावण्यात आले. ज्यांच्याशी वाद झाला ते विल्सनही फार दिवस राहिले नाहीत. नोव्हेंबर १८५९ मध्ये आलेले हे गृहस्थ ११ ऑगस्ट १८६० रोजी आमांशाने कलकत्त्यातच वारले. म्हणजे जेमतेम साडेआठ महिने! वसुली, तक्रारी आणि चौकशांचा सारा भार उत्तराधिकाऱ्यांवर पडला.

पुढे १८६३ मध्ये याच ट्रेव्हेलियन यांना विल्सन यांच्याच खुर्चीत अर्थसदस्य म्हणून बसवण्यात आले, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच लिहिली जाते. पाच वर्षांच्या मुदतीने आणलेला आयकर १८६५ मध्ये त्यांनी मुदतवाढ न देता संपू दिला. तूट भरून काढण्यासाठी त्यांनी निर्यातीवर कर सुचवला, तो मात्र लंडनने नामंजूर केला.

आपला,
एक नियमित वाचक